कारळे, करवंटी आणि कोमट पाणी : शेफिल्डच्या परसातला एक हिवाळा

शेफिल्ड, दक्षिण यॉर्कशर, इंग्लंड. ऑक्टोबर 2022 ते मार्च 2023. परसात येणाऱ्या पक्ष्यांना हिवाळाभर दाणा, पाणी आणि आसरा दिला, त्याच्या या नोंदी. घरामागची जागा साधारण 6 मीटर रुंद, 11 मीटर लांब. एका कडेला प्रिव्हेटचं दाट कुंपण, दुसऱ्या कडेला आयव्हीने झाकलेली विटांची भिंत, कोपऱ्यात सफरचंदाचं एक जुनं झाड. घरात मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सप्टेंबरअखेर साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. खर्च पौंडात लिहिला आहे. जिथे चुकलं तिथे चुकलं असंच लिहिलंय, म्हणजे दुसऱ्या कुणाचे पैसे आणि दिवस वाचतील.

22 ऑक्टोबर 2022, शनिवार

गेल्या जानेवारीत मागच्या पायरीवर ब्ल्यू टिट नावाचा एक चिमुकला पक्षी मरून पडलेला सापडला होता. निळी टोपी, पिवळं पोट, अंगावर कुठेही जखम नाही. उचलला तर हातात काही आहे असंच वाटेना. धडधाकट ब्ल्यू टिट अकरा ग्रॅमचा असतो, हा त्याहून हलका होता, आणि छातीचं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागत होतं. कडाक्याच्या एका रात्रीत असा पक्षी आपल्या वजनाचा 5 ते 10 टक्के भाग नुसता ऊब धरण्यात जाळतो. डिसेंबरात इथे दिवस साडेसात तासांचा, म्हणजे साडेसोळा तासांच्या रात्रीची शिदोरी साडेसात तासांत गोळा करायची. या वर्षी थंडी पडायच्या आधीच तयारी करायची ठरवली. पक्ष्यांना जागा माहीत व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात.

आज आणलं: दाण्याच्या दोन नळ्या (टांगायच्या, पक्षी छिद्रांतून दाणा टिपतात; प्रत्येकी 9 पौंड), जमिनीत रोवायचा लोखंडी खांब (22 पौंड) आणि मिश्र दाण्याची साडेबारा किलोची पिशवी 14 पौंडांना. पिशवी सगळ्यात स्वस्त होती म्हणून घेतली.

29 ऑक्टोबर, शनिवार

पिशवी वाया गेली. तिच्यात अर्ध्याहून जास्त गहू, वाटाण्याची भरड आणि मसुरासारखी लाल डाळ. छोट्या चोचीचे पक्षी नळीतून सूर्यफुलाचा दाणा शोधतात आणि बाकीचं खाली फेकतात. खाली पडलेल्यावर वूड पिजन तुटून पडतात. आपल्या पारव्याच्या दीडपट अंगाचे हे पक्षी. सात जण दिवसभर ठाण मांडून होते, बाकी कुणाला उतरू देईनात. एका रात्री शेजारच्या आजींनी उंदीर पाहिला आणि सकाळी दारावर येऊन स्पष्ट सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं.

केलेले बदल: पिशवी बंद. त्याऐवजी सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया, साडेबारा किलो, 34 पौंड. महाग वाटतात, पण टरफल नाही, गहू नाही, जवळजवळ सगळं पोटात जातं. नळीखाली पसरट ताट लावलं आणि रोज संध्याकाळी ते आत आणायचं ठरवलं. तीन दिवसांत उंदराचा माग थांबला. आजींना जाऊन सांगून आले. त्याच बोलण्यात त्यांच्या मांजराचाही विषय काढला. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी तीननंतर त्याला घरात ठेवायला त्या तयार झाल्या. हे बोलणं मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

6 नोव्हेंबर, रविवार

पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात फळीवर ‘नायजर’ लिहिलेली पिशवी होती. आईंनी ती उचलली, काचेसारख्या पारदर्शक कागदातून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, हे तर कारळे!” खरंच कारळेच. काळे, बारीक, एका टोकाला निमुळते. साताऱ्याच्या घरी ज्याची लसूण घालून चटणी होते तेच पीक. इथे माणसं ते खात नाहीत, गोल्डफिंचला घालतात. लाल तोंडाचा, पंखावर पिवळी पट्टी असलेला हा पक्षी काटेरी झुडपांच्या बारीक बियांवर जगणारा, त्यामुळे त्याच्या अणकुचीदार चोचीला कारळा बरोबर जमतो.

दोन किलो 7 पौंड. घरी येऊन नेहमीच्या नळीत ओतले आणि वाळूच्या घड्याळासारखे सगळे छिद्रांतून खाली आले. पाऊण किलो ओल्या गवतात गेला. त्याची नळी वेगळी मिळते, बारीक फटींची, 8 पौंड. ती दुसऱ्या दिवशी आणली. नळीत एका वेळी दोन-तीन दिवस पुरतील इतकेच भरायचे, ओलावा लागला की कारळ्यांचा गोळा होतो आणि पक्षी हात लावत नाहीत. आई रोज विचारतात, “कारळे खाल्ले का कुणी?” अजून नाही.

13 नोव्हेंबर, रविवार

खांब आधी मधोमध मोकळ्यावर रोवला होता, खिडकीतून छान दिसावा म्हणून. पहिल्या आठवड्यात स्पॅरोहॉक आला. आपल्या शिक्र्याच्या कुळातला. एक चिमणी घेऊन गेला. त्याबद्दल त्याच्यावर माझा राग नाही, त्यालाही हिवाळा काढायचाय. पण मोकळ्या मैदानात ताट वाढून मी चिमण्यांना पळायला जागाच ठेवली नव्हती. मग खांब कुंपणाला चिकटवून लावला, तर मांजर कुंपणाच्या बुडाशी दबा धरून बसायला लागलं. आता कुंपणापासून दोन मीटरवर आहे. पक्ष्याला एका झेपेत आसरा गाठता येतो आणि मांजराला दोन मीटर उघड्यावरून यावं लागतं. हे अंतर सापडायला तीन वेळा खड्डा खणला.

काचेवर एक रॉबिन आपटला. वीस मिनिटं पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवला, झाकण उघडलं तसा उडाला. लेकीने पांढऱ्या चिकटपट्टीच्या (4 पौंड) उभ्या रेघा काचेला बाहेरून मारल्या, तळहाताएवढ्या अंतरावर. एकच ससाण्याचं चित्र चिकटवून भागत नाही, पक्षी त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो.

20 नोव्हेंबर, रविवार

दोन पेट्या. अर्ध्या दिवसाचं काम समजले होते, शनिवार-रविवार दोन्ही गेले.

पेट्या घरट्यासाठी वसंतात लागतात असं मी समजत होते. पण हिवाळ्यात लहान पक्षी रात्री त्यांत झोपतात, म्हणून त्या शरदातच लावायच्या. लाकूड 15 मिलिमीटरपेक्षा पातळ नको, नाहीतर आत ऊब राहत नाही. मी 19 मिलिमीटरची पाइनची फळी घेतली. लाकूड आणि स्क्रू 16 पौंड, गोल भोक पाडायचं पातं 9 पौंड. भोकाचा आकार महत्त्वाचा: ब्ल्यू टिटला 25 मिलिमीटर, चिमणीला 32.

पहिल्या पेटीत भोक तळापासून फक्त 8 सेंटिमीटरवर पाडलं. किमान साडेबारा हवं, म्हणजे मांजराचा पंजा आत पोचत नाही. समोरची फळी फेकून नवी कापली. दुसरी चूक: भोकाखाली बसायला काडी लावली. घरटं लुटणाऱ्यांना ती पायरीच होते. काढून टाकली, भोक खुंटीने बुजवलं. तिसरी: झाकणाला पितळी बिजागरी लावल्यावर मागे बोटभर फट राहिली. एवढ्या फटीतून रात्रभर वारा आला तर पेटीचा उपयोगच नाही. नवऱ्याने सायकलची जुनी ट्यूब कापून झाकणाच्या मागे ठोकली. तीच बिजागरी, तीच फट बुजवणारी पट्टी, पाणीही आत जात नाही. तळाला चार कोपऱ्यांत बारीक भोकं ठेवली. आतून रंग नाही, तेल नाही.

25 ची पेटी सफरचंदाच्या झाडावर, 32 ची आयव्हीच्या भिंतीवर वळचणीखाली. दोन्हींची तोंडं ईशान्येकडे. इथला पावसाचा वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो.

27 नोव्हेंबर, रविवार

आज चरबीच्या वड्यांचा पहिला घाणा. पूर्ण फसला.

बाजारात तयार चरबीचे गोळे मिळतात, बरेचसे हिरव्या प्लास्टिकच्या जाळीत. जाळीत पक्ष्यांचे पाय आणि जिभा अडकतात, तशी घेऊ नका. घरी करायचं ठरवलं. आमच्या स्वयंपाकघरात प्राण्याची चरबी येत नाही, म्हणून मार्जरीन आणि थोडं सूर्यफूल तेल घेतलं. त्यात ओट्स, शेंगदाण्याचा कूट आणि डब्यातला सुक्या खोबऱ्याचा कीस.

मिश्रण फ्रिजमध्ये घट्ट झालं, बाहेर टांगलं आणि दुपारी 9 अंशांवर लोण्यासारखं ओघळलं. एक ब्ल्यू टिट त्याला लटकला होता. उडाला तेव्हा पोटाची पिसं एकमेकांना चिकटलेली दिसली. मी धावत जाऊन सगळं उतरवलं. मऊ तेलकट चरबी पिसांना लागली की पिसं फुलत नाहीत, पाणी थोपवत नाहीत, आणि थंडीत त्या पक्ष्याची गोधडीच भिजल्यासारखं होतं. जगवायला निघाले होते आणि त्याचंच पांघरूण खराब केलं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

खोबऱ्याचा कीसही चूक होता. सुका कीस पोटात जाऊन फुगतो. ओला नारळ फोडून अर्धी वाटी, आतलं पाणी धुऊन, उलटी टांगली तर चालते. टिट पक्षी ती आवडीने कोरतात. कीस मात्र कधीच नाही. खारे शेंगदाणेही नाहीत: लेकीने प्रेमाने मूठभर टाकले होते, ते वेचून काढले. मीठ त्यांच्या शरीराला पेलवत नाही. बिनमिठाचे साबूत दाणेसुद्धा सुटे टाकायचे नाहीत, तारेच्या बारीक जाळीत घालायचे, म्हणजे पक्षी टोचून टोचून तुकडा काढतो. दाणे मी बुरशीच्या विषाची तपासणी झालेलेच घेतले, दोन किलो 8 पौंड.

3 डिसेंबर, शनिवार

खरी चरबी लागणार हे कळल्यावर आईंना कसं सांगायचं यात माझे चार दिवस गेले. शेवटी सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “त्यांचं ते अन्न आहे का?” म्हटलं, थंडीत त्यांना तेच सगळ्यात जास्त ऊब देतं. “मग कर की. शेगडी बाहेर मांड आणि भांडं घरात आणू नकोस.” शेडमध्ये कॅम्पिंगची शेगडी, एक जुनं पातेलं, एक पळी. ती भांडी आता तिथेच राहतील.

लार्ड, म्हणजे डुकराची साफ केलेली चरबी, 250 ग्रॅमची वडी 75 पेन्स. प्रमाण: एक भाग चरबी, दोन भाग कोरडा माल. दोन वड्या मंद आचेवर वितळवल्या, त्यात अर्धा किलो ओट्स (कच्चे, शिजवलेले ओट्स चोचीवर वाळून घट्ट बसतात), पाव किलो भरडलेले दाणे, पाव किलो सूर्यफूल. भाजलेल्या मांसाच्या ट्रेमधली उरलेली चरबी वापरू नका, तिच्यात मीठ आणि रस्सा असतो आणि ती नीट गोठत नाही.

साचा म्हणून आईंनी नारळाच्या करवंट्या दिल्या. खोबरं काढून झाल्यावर त्या फेकू देत नाहीत, धुऊन ठेवतात. करवंटीच्या डोळ्यातून सुतळी ओवली, आत गाठ मारली, मिश्रण दाबून भरलं, रात्रभर गार केलं. उलट्या टांगल्या की वरून पाऊस लागत नाही आणि पारव्यांना लटकता येत नाही. सहा करवंट्या, तीन झाडावर, तीन भिंतीवर. 10 अंशांवरही घट्ट राहिल्या. पहिल्या टिटला यायला अकरा मिनिटं लागली.

आणि कारळ्यांवर चार गोल्डफिंच आले. आई खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या त्या जेवायच्या वेळेपर्यंत.

8 डिसेंबर, गुरुवार

थंडी आली. सकाळी थर्मामीटर उणे 3. दव गोठून गवत पांढरं आणि पायाखाली करकरतंय. दाण्याची सगळी तयारी झाली होती, पाण्याचा विचारच केला नव्हता.

पाणी पिण्यासाठी लागतं, तितकंच अंघोळीसाठी. मळलेली पिसं हवा धरून ठेवत नाहीत, म्हणून गोठत्या थंडीतही पक्षी अंघोळ करतात. मातीचं पसरट भांडं होतं, त्यावर दोन बोटं बर्फ. हातोडीने हळूच ठोकला, भांड्याचे दोन तुकडे.

9 ते 12 डिसेंबर

पाण्यावर काय काय केलं ते एकत्र लिहिते.

टेनिसचा चेंडू तरंगत ठेवला. वारा असेल तर चेंडू हलतो आणि कडेने थोडं पाणी मोकळं राहतं. आमच्याकडे वारा पडलेला, धुकं गोठलेलं. सकाळी चेंडू बर्फात घट्ट रुतलेला. उणे 2 पर्यंत ठीक, त्याखाली उपयोग नाही.

उकळतं पाणी ओतलं: काचेचं भांडं तडकलं. शिवाय अतिगरम पाण्यात पक्षी उतरला तर भाजेल.

मीठ, ग्लिसरीन, गाडीचं अँटिफ्रीझ यांतलं काही घालायचं नाही. एकाने मला मीठ सुचवलं होतं. ते विष आहे.

जे चाललं: घोड्यांना-मेंढ्यांना खाणं घालतात ती काळी रबरी ताटली, प्रत्येकी 6 पौंड, दोन घेतल्या. गोठली की उलटी करून मुडपायची, बर्फाची चकती पुरीसारखी सुटून बाहेर पडते. काही फुटत नाही. एक बाहेर, एक आत. सकाळी आतली कोमट पाण्याने भरून बाहेर, गोठलेली आत. खोली तीन ते पाच सेंटिमीटर, मधे एक खडबडीत दगड. दिवसातून चार फेऱ्या: साडेसात, साडेदहा, एक, तीन. एक फेरी तीन मिनिटांची. मी कामावर असते तेव्हा आई करतात.

त्या म्हणाल्या, साताऱ्यात चैत्र-वैशाखात आम्ही खापरात पाणी ठेवतो कारण ते आटतं, इथे मार्गशीर्षात ठेवायचं कारण ते दगड होतं. रविवारी दुपारी एका ताटलीत रॉबिन, दोन चिमण्या आणि एक ब्लॅकबर्ड एकामागोमाग पाण्यात फडफडून गेले. ही चिमणी आपल्याकडचीच, जात तीच. तिकडे आईंना अंगणात हल्ली दिसत नाही, आणि इथेही ती धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. आमच्या कुंपणात चौदा आहेत.

खाण्याची वेळही नक्की केली. उजाडताना एकदा आणि दुपारी अडीचला एकदा. उजाडताना कारण रात्रीने त्यांची शिल्लक संपवलेली असते, अडीचला कारण चारला अंधार. एक दिवस मला उशीर झाला, नऊ वाजता बाहेर आले तर सहा टिट रिकाम्या करवंट्यांना लटकून आत बघत होते. गोठत्या सकाळी तिथपर्यंत उडत यायला त्यांनी जी ताकद खर्चली ती फुकट गेली. सवय लावल्यावर चुकवणं हे काहीच न ठेवण्यापेक्षा वाईट. आता करवंट्या आदल्या रात्रीच बदलते.

ब्लॅकबर्ड आणि रॉबिन नळीवर बसत नाहीत, जमिनीवर खातात. त्यांना कुंपणाच्या बुडाशी चिरलेलं सफरचंद, भिजवलेले ओट्स, चुरलेली चरबी. झाडाची पडकी सफरचंदं मी ऑक्टोबरात उचलून कंपोस्टात टाकली होती. ती शेडमध्ये पेंढ्यात ठेवायला हवी होती. विकत घ्यावी लागली.

15 डिसेंबर, गुरुवार

रात्री उणे 6. दुपारी तीन चाळीसला स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन उभी होते. भिंतीवरच्या पेटीपाशी आयव्ही हलली. रेन आली. रेन म्हणजे शेपूट ताठ उभी धरणारा, तपकिरी, जेमतेम दहा ग्रॅमचा पक्षी, एरवी दुसऱ्या रेनला जवळ फिरकू न देणारा. ती भोकावर बसली, आत डोकावली, गेली. मग दुसरी. आई म्हणाल्या, “मोज.” तिसरी, चौथी लगोलग. पाचवीला आत जागा नव्हती बहुतेक, दोनदा बाहेर आली, तिसऱ्यांदा शेपूट आत ओढून घेतली. अंधार पडेपर्यंत नऊ गेल्या. एकमेकींना बिलगून, डोकी आत आणि शेपट्या बाहेर करून त्या रात्र काढतात. 1969 च्या हिवाळ्यात नॉरफकमध्ये एका पेटीत 61 रेन मोजल्या गेल्या होत्या. आम्ही नऊंवरच स्वयंपाकघरात एकमेकींचे हात धरले.

ती फट ट्यूबने बुजवली याचं मला त्या रात्री किती बरं वाटलं ते नवऱ्याला तीनदा सांगितलं. पेटीला हात लावला नाही, टॉर्चही मारला नाही. हलवलं आणि रात्री बाहेर पडल्या तर परत सापडणार नाही त्यांना ती.

19 डिसेंबर, सोमवार

उकाडा म्हणावा असे 12 अंश. सगळं वितळलं. सूर्यफुलाची दुसरी पिशवी (34 पौंड). झाडावरची 25 ची पेटी तपासली: तळाशी विष्ठेच्या चार-पाच गोळ्या. म्हणजे एक टिट तरी झोपला.

2 जानेवारी 2023, सोमवार

या नोंदीपाशी जरा थांबून वाचा.

शनिवारी कारळ्याच्या नळीच्या काडीवर एक ग्रीनफिंच बसला होता. शेवाळी हिरवा, जाड चोचीचा. पिसं फुगवून चेंडूसारखा झालेला. मला वाटलं थंडीने फुगलाय, पण थंडी नव्हती. बी चघळत होता आणि गिळता न आल्याने तोंडातून पुन्हा खाली पडत होती. चोचीभोवतीची पिसं ओली, चिकट. मी हाताच्या अंतरावर जाईपर्यंत उडाला नाही. काल तो कुंपणाखाली मेलेला सापडला.

हा ट्रायकोमोनोसिस. घशात होणारा परजीवीचा रोग. 2006 पासून ब्रिटनमधले ग्रीनफिंच यानेच मोठ्या संख्येने गेले, 2021 च्या शेवटी ते लाल यादीत आले. लाळेतून आणि तोंडातून पडलेल्या दाण्यातून पसरतो, आणि एकाच काडीवर दिवसभर शंभर चोची टेकवायला जागा मी करून दिली होती. नळ्या मी नोव्हेंबरात दोनदा धुतल्या. डिसेंबरात थंडीच्या धावपळीत एकदाही नाही. नळीच्या तळाशी ओल्या बियांचा काळा थर निघाला, बोटभर जाड. तो पाहून मला रडू आलं.

आज: सगळ्या नळ्या, ताट, पाण्याच्या ताटल्या काढल्या. मेलेला पक्षी हातमोजे घालून दुहेरी पिशवीत. पक्ष्यांच्या रोगांची नोंद ठेवणाऱ्या गार्डन वाइल्डलाइफ हेल्थकडे कळवलं. नळ्या बाहेर, वेगळ्या ब्रशने, आधी साबणाच्या गरम पाण्यात घासल्या, मग जंतुनाशकात बुडवल्या, मग धुऊन पूर्ण कोरड्या केल्या. कोरडं करणं सगळ्यात महत्त्वाचं, हा जंतू ओलाव्याशिवाय टिकत नाही. ब्रश, मोजे, जंतुनाशक 11 पौंड. खांबाखालची माती वरवर खरवडून काढली.

दाणा निदान दोन आठवडे बंद. दाणापाणी बंद झाल्यावर पक्षी पांगतात, आणि आत्ता पांगण्यातच त्यांचं भलं आहे.

15 जानेवारी, रविवार, संक्रांत

अंगण रिकामं. टिट रोज सकाळी खांबावर येऊन बसतात आणि जातात. आईंनी तिळाच्या वड्या केल्या आणि सवयीने खिडकीकडे बघितलं. उद्यापासून पुन्हा गोठणार असा अंदाज आहे. आज चौदावा दिवस. या काळात आजारी पक्षी एकही दिसला नाही.

दोन्हीकडून विचार केला. थंडीत उपाशी ठेवू का, की रोगाची जागा पुन्हा उघडू? ठरवलं ते असं: करवंट्या उद्या सुरू. त्यांवर टिट येतात, फिंच सहसा नाही. पण सहा एका कोपऱ्यात नकोत, सगळ्या परसात लांब लांब. ब्लॅकबर्डना सफरचंद, रोज नव्या जागी. दाण्याच्या नळ्या आणि कारळे आणखी दोन आठवडे बंदच. पसरट ताट कायमचं बाद, त्यावर खाणं आणि विष्ठा एकत्र होते. पाणी रोज ओतून टाकायचं, ताटली रोज वाळवायची. दोन ताटल्या असल्याने हे जमतं.

17 जानेवारी, मंगळवार

उणे 5. संध्याकाळी पेटीत सात रेन. डिसेंबरात नऊ होत्या. दोघी दुसरीकडे झोपत असतील असं लेक म्हणते.

28 जानेवारी, शनिवार

आरएसपीबी ही पक्षी संस्था 1979 पासून दर जानेवारीच्या अखेरीस घराघरांतून पक्षी मोजून घेते. एक तास बसायचं, आणि एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त किती तो आकडा लिहायचा, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही. आमची यादी: चिमण्या 12, ब्ल्यू टिट 5, ब्लॅकबर्ड 3, लांब शेपटीचे टिट 6 (एक टोळी, अर्ध्या मिनिटासाठी), वूड पिजन 2, रॉबिन 1, रेन 1. ग्रीनफिंच 0, गोल्डफिंच 0. लेकीने शून्यही लिहायला लावली.

नळ्या दोन दिवसांनी सुरू केल्या. नवा नियम: दर रविवारी सगळं धुणं, खांब दर पंधरा दिवसांनी दुसऱ्या खड्ड्यात. जादा नळ्या घेतल्या नाहीत, रविवारी सकाळी धुतलेल्या दुपारपर्यंत वाळतात.

10 मार्च, शुक्रवार

रात्रीत गुडघ्याच्या थोडं खाली येईल एवढा बर्फ. शाळा बंद, वायव्येकडे एम 62 महामार्गावर गाड्या रात्रभर अडकल्या. मार्चमधला बर्फ जास्त वाईट: गेल्या वर्षीच्या बिया-बोरं संपलेली असतात आणि नवे किडे आलेले नसतात.

साडेसहाला उठून पंधरा मिनिटांत सगळं झालं. कुंपणाच्या बुडाशी फावड्याने दोन मीटरची पट्टी मातीपर्यंत साफ केली, तिथे सफरचंद आणि चुरलेली चरबी. ताटली बदलली. करवंट्या रात्रीच भरलेल्या होत्या. पट्टीवर ब्लॅकबर्ड आठ आले, इतके मी कधीच एकत्र पाहिले नव्हते, शिवाय रेडविंग, उत्तरेकडून हिवाळ्यात येणारा त्यांच्याच कुळातला, तीन. एरवी तो शेतांतच असतो. एक इतका जवळ होता की डोळ्यावरची पांढरी रेघ आणि बगलेतला विटकरी रंग चष्म्याविना दिसला. सफरचंदाचं साल तेवढं ठेवून त्याने आतला गर वाटीसारखा कोरून खाल्ला.

नऊ किलो सफरचंद एका दिवसात गेलं. आईंनी शेजारच्या आजींकडून त्यांच्या शेडमधली सुरकुतलेली टोपलीभर मागून आणली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही.

22 मार्च, बुधवार, गुढीपाडवा

हिशेब. नळ्या 18, खांब 22, वाया गेलेली मिश्र पिशवी 14, सूर्यफूल 68, कारळे आणि नळी 15, दाणे 8, लार्डच्या 14 वड्या 10.50, ओट्स 6, पेट्यांचं सामान 25, रबरी ताटल्या 12, चिकटपट्टी 4, सफाईचं सामान 11. एकूण 213 पौंड 50 पेन्स. विकतच्या सफरचंदांचा हिशेब ठेवायचा राहिला. वेळ थंडीच्या दिवसांत रोज पाऊण तास, एरवी वीस मिनिटं, रविवारी दीड तास. पुन्हा करणाऱ्याचे मिश्र पिशवीचे 14 पौंड तरी वाचतील, आणि दोन भांडी.

भिंतीवरची पेटी फेब्रुवारीच्या शेवटी उतरवून उकळत्या पाण्याने धुतली, वाळवून परत लावली. आत रेनच्या विष्ठेचा सव्वा सेंटिमीटर थर होता, मेलेला पक्षी एकही नाही. 25 च्या पेटीत आज सकाळी ब्ल्यू टिट शेवाळ नेताना दिसला, चोचीत मावत नव्हतं इतकं. करवंट्या आता दोनच ठेवल्यात, उन्हात चरबी मऊ होते. शेंगदाण्यांच्या जाळीवर नजर ठेवायची, मोठा तुकडा पिल्लाच्या घशात अडकतो.

गोल्डफिंच परवा परतले, दोघे. ग्रीनफिंच अजून नाही.

आई शनिवारी निघतात. रिकाम्या करवंट्या त्यांनी घासून, सुतळीसकट, शेडच्या फळीवर उलट्या मांडून ठेवल्यात. अठरा आहेत.